वाहनाची खरी ओळख : चेसिस क्रमांक कोठे शोधावा व कसा वाचावा

दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख विस्ताराने लहान असला, तरी येथील रस्ते फार वर्दळीचे आहेत. तीन बाजूंना गुजरातचा वलसाड जिल्हा आणि दक्षिणेस महाराष्ट्राचा पालघर जिल्हा अशी येथील सीमा आहे. दादऱ्याहून सिल्वासास यावयाचे, तर वाटेत काही अंतर गुजरातच्या हद्दीतून जावे लागते. त्यामुळे सिल्वासाच्या कोणत्याही नाक्यावर घटकाभर उभे राहिले, तर जीजे-१५ ही वलसाडची आणि एमएच-४८ ही वसईची पाटी लावलेली वाहने सहज दृष्टीस पडतात. कारखान्यांत कामासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेली मंडळी आपापल्या गावाकडील मोटारसायकली येथे आणतात. नोकरी संपली किंवा बदली झाली, की तीच वाहने येथेच कोणाला तरी विकली जातात. अशा प्रकारे जुन्या वाहनांची मोठी देवघेव या भागात नित्य चालू असते.

या देवघेवीत खरेदीदार इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर दाबून पाहतो, रंग तपासतो आणि भावात घासाघीस करतो. परंतु ज्या एका गोष्टीवरून वाहनाची खरी ओळख पटते, ती बहुधा पाहावयाची राहून जाते. ती गोष्ट म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख क्रमांक. बोलीभाषेत त्यास चेसिस नंबर असे म्हणतात. हा क्रमांक कोठे असतो, त्याचा अर्थ काय आणि पैसे मोजण्यापूर्वी तो का पाहावा, याची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे हिताचे आहे.

पाटी बदलते, क्रमांक बदलत नाही

वाहनाच्या पुढे-मागे दिसणारी पाटी ही शासनाने दिलेली नोंदणीखूण होय. ती बदलू शकते. याचे उदाहरण आपल्याच प्रदेशात आहे. दिनांक २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली तसेच दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र झाले. त्यापूर्वी सिल्वासा येथे नोंदलेल्या वाहनांस डीएन-०९ ही खूण मिळत असे. एकत्रीकरणानंतर संपूर्ण प्रदेशासाठी डीडी ही अक्षरे ठरली. जुन्या वाहनांवर डीएन-०९ आजही दिसते, परंतु नव्या वाहनांवर ती नसते. तसेच एका राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाचे झाल्यास, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ अन्वये तेथील नवी नोंदणीखूण घ्यावी लागते. म्हणजे एकाच वाहनास त्याच्या आयुष्यात दोन किंवा तीन पाट्या लागू शकतात.

चेसिस क्रमांकाचे तसे नाही. वाहन कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच तो धातूवर ठोकला वा कोरला जातो आणि वाहन मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. शेतकरी बांधवांच्या अनुभवातील उदाहरण द्यावयाचे, तर जमिनीचा सर्व्हे नंबर आणि जमिनीचा मालक यांत जो फरक, तोच येथेही आहे. मालक बदलतो, कर्जाचा बोजा चढतो व उतरतो, परंतु कागदावर जमीन ओळखली जाते ती तिच्या क्रमांकाने. गाईम्हशींच्या कानात आता जो बारा अंकी बिल्ला टोचतात, त्याचाही हेतू हाच आहे. फरक इतकाच, की बिल्ला वरून लावलेला असतो, तर चेसिस क्रमांक वाहनाच्या अंगातच उमटवलेला असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२२ नुसार प्रत्येक उत्पादकाने चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक, उत्पादनाच्या महिन्यासह, वाहनावर उमटवणे बंधनकारक आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनास इंजिन नसते, म्हणून तेथे मोटरचा क्रमांक असतो. इंजिन बिघडल्यास बदलता येते. त्याची नोंद कार्यालयात करावी लागते, इतकेच. म्हणून ओळखीच्या दृष्टीने चेसिस क्रमांकाचे महत्त्व इंजिन क्रमांकाहून अधिक आहे.

क्रमांक कोठे सापडेल?

सर्वप्रथम नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजेच आरसी, हाती घ्यावे. त्यावर चेसिस क्रमांक छापलेला असतो. विमापत्रावरही तो असतो. त्यानंतर तोच क्रमांक प्रत्यक्ष वाहनावर शोधावा. निरनिराळ्या वाहनांत त्याची जागा निरनिराळी असते.

मोटारगाडीत बॉनेट उघडल्यावर, इंजिन आणि प्रवाशांची बैठक यांच्यामध्ये जो पत्र्याचा पडदा असतो, त्यावर हा क्रमांक पुष्कळदा ठोकलेला आढळतो. काही गाड्यांत तो पुढील आसनाजवळ, पायाखालच्या गालिच्याची छोटी झडप उचलल्यावर दिसतो. काही गाड्यांत पुढील काचेच्या खालच्या कोपऱ्यातून तो बाहेरूनच वाचता येतो. दरवाजाच्या खांबावर किंवा इंजिनाच्या खोलीत एक छोटी पट्टी अथवा चिकटपट्टीही असते. परंतु पट्टी काढून दुसरी लावता येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. धातूत उमटलेला क्रमांक पाहावाच.

मोटारसायकलीत हँडल ज्या नळीत बसवलेले असते, त्या नळीच्या बाजूस हा क्रमांक पाहावा. हँडल एका बाजूस पूर्ण वळवले, की तो स्पष्ट दिसतो. स्कूटरमध्ये तो आसनाखाली किंवा पाय ठेवण्याच्या जागेजवळ असू शकतो. ट्रक, टेम्पो आणि पिकअप यांत सांगाड्याच्या लांब तुळईवर, बहुधा उजव्या बाजूस पुढील चाकाच्या आसपास तो असतो. तेथे चिखल व वंगण साचलेले असते, म्हणून कापडाने पुसून घ्यावे. वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत नेमकी जागा चित्रासह दिलेली असते. पुस्तिका नसल्यास त्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातील कारागीर ती जागा दाखवू शकतात.

सतरा अक्षरांचा अर्थ

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने क्रमांक देत असे. जुन्या जीपगाड्या किंवा ॲम्बॅसेडर यांवर कमी अक्षरांचे क्रमांक आढळतात. १९७७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने सतरा अक्षर-अंकांच्या क्रमांकाची रचना ठरवली. अमेरिकेत १९८१ सालच्या वाहनांपासून ती सक्तीची झाली आणि पुढे भारतासह बहुतेक देशांनी ती स्वीकारली. अक्षरे रोमन लिपीतील असतात. त्यांपैकी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे या क्रमांकात कधीही वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात व वाचताना घोटाळा होतो. हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. सतरा अक्षरी क्रमांकात यांपैकी एखादे अक्षर दिसले, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. ते लिहिण्यात चुकले आहे की धातूवर, एवढेच पाहावयाचे उरते.

या सतरा जागांचे तीन भाग पडतात. पहिल्या तीन अक्षरांवरून उत्पादक कोण व कोणत्या देशातला, हे कळते. एम-ए पासून एम-ई पर्यंतची अक्षरे भारताच्या वाट्यास आली आहेत. उदाहरणार्थ, एम-ए-१ म्हणजे महिंद्र, एम-ए-३ म्हणजे मारुती सुझुकी, एम-ए-टी म्हणजे टाटा मोटर्स, एम-ए-एल म्हणजे ह्युंदाईचा भारतातील कारखाना, एम-डी-२ म्हणजे बजाज ऑटो. नुसते एम हे अक्षर मात्र एकट्या भारताचे नाही. त्याच अक्षराखालील पुढील गट इंडोनेशिया आणि थायलंड यांना दिलेले आहेत. कंपनी मूळची परदेशी असली, तरी भारतीय कारखान्यात बनलेल्या गाडीचा क्रमांक भारताच्या अक्षरांनीच सुरू होतो. ‘परदेशातून आणलेली गाडी’ म्हणून कोणी अधिक किंमत मागू लागल्यास ही पहिली अक्षरे वाचून पाहावीत.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या सहा जागांत वाहनाचे वर्णन असते. नमुना कोणता, सांगाडा कसा, इंजिन कोणते, हे कंपनी आपल्या संकेतानुसार तेथे लिहिते. उत्तर अमेरिकेत नववी जागा तपासणीच्या अंकासाठी राखून ठेवलेली असते. उरलेल्या अंकांवरून ठराविक गणित करून तो काढतात, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर लगेच समजते. भारतात ही सक्ती नाही.

दहाव्यापासून सतराव्यापर्यंतच्या आठ जागा त्या एका विशिष्ट वाहनाच्या असतात. दहाव्या जागी बहुतेक उत्पादक वर्षाचे अक्षर देतात. २०१० साठी ए, २०११ साठी बी असा क्रम सुरू झाला. आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरे वगळल्यामुळे २०१७ साठी एच, २०१८ साठी जे, २०२० साठी एल, २०२३ साठी पी, २०२४ साठी आर आणि २०२५ साठी एस अशी अक्षरे आली. २००१ ते २००९ या वर्षांसाठी १ ते ९ हे अंक होते. हे चक्र तीस वर्षांनी पुन्हा फिरते. शेवटचे अंक म्हणजे कारखान्यातील अनुक्रमांक होत.

वर्षाचे हे अक्षर व्यवहारात उपयोगी पडते. गोदामात वर्षभर पडून राहिलेली गाडी नव्या वर्षाची म्हणून विकली जात असेल, तर ते येथे उघडकीस येते. आरसीवर उत्पादनाचा महिना व वर्ष यांचा उल्लेख असतो. तो या अक्षराशी जुळतो का, हे पाहणे कोणासही शक्य आहे.

पेन्सिलचा ठसा

नोंदणीच्या व ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जांवर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लावण्याची पद्धत आहे. रीत अगदी सोपी आहे. क्रमांकावरील धूळ व वंगण पुसून त्यावर पातळ कागद घट्ट धरावा आणि पेन्सिलचे शिसे आडवे धरून हलक्या हाताने घासावे. खोलगट अक्षरे पांढरी राहतात आणि भोवतालचा कागद काळा होतो. शाळेतील मुले नाण्यावर कागद ठेवून जे चित्र काढतात, तीच ही युक्ती होय.

हाताने लिहून घेतलेल्या क्रमांकात ३ चा ८ किंवा ५ चा एस होऊ शकतो. ठशात तसे होत नाही. शिवाय अक्षरांची उंची, अंतर व वळण जसेच्या तसे कागदावर उतरत असल्याने कोणी फेरफार केला असल्यास तोही ठशात दिसतो. म्हणून जुनी गाडी घेताना खरेदीदाराने स्वतः असा एक ठसा घेऊन आपल्या कागदपत्रांत जपून ठेवावा.

जुने वाहन घेताना

समजा, खानवेलजवळच्या एका शेतकऱ्याने भाजीपाला सिल्वासाच्या बाजारात आणण्यासाठी शेजारच्या राज्यातून जुनी पिकअप घेतली. किंमत बाजारभावापेक्षा कमी पडली, कागद ‘नंतर देतो’ असे दलालाने सांगितले आणि पैसे रोख दिले गेले. चार महिन्यांनी तपासणीत असे आढळले, की आरसीवरील क्रमांक एका मोडीत निघालेल्या गाडीचा आहे आणि ही गाडी चोरीची आहे. गाडी ताब्यात घेतली जाते व पुढे मूळ मालकाकडे जाते. माल विक्री अधिनियम, १९३० चे तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे जो हक्क नाही, तो त्याला दुसऱ्यास देता येत नाही. शेतकऱ्याचे पैसे गेले, कर्जाचे हप्ते मात्र राहिले. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा गुन्हा आहे. आपण अजाणतेपणी व्यवहार केला, हे पटवून देण्याचा मनस्ताप त्याच्या वाट्यास येतो तो वेगळाच.

आपल्याकडे ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी म्हण आहे. जुन्या वाहनाच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडते. हा प्रसंग टाळण्यासाठी तीन ठिकाणचे क्रमांक जुळवून पाहावेत : धातूवरील, कागदावरील आणि संगणकावरील.

धातूवरील क्रमांक आणि आरसी समोरासमोर ठेवून सतराही अक्षरे एक-एक करून वाचावीत. एकाने वाचावे व दुसऱ्याने तपासावे. त्यानंतर शासनाच्या एम-परिवहन या सेवेवर नोंदणी क्रमांक घालून वाहनाचा प्रकार, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि बोजा यांची खातरजमा करावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतही नोंदणी, चेसिस व इंजिन हे तीन क्रमांक दिल्यावर, ते वाहन चोरीस गेल्याची नोंद पोलिसांकडे आहे किंवा कसे, हे पाहता येते. ज्यांना ही साधने वापरण्याची सवय नाही, त्यांनी घरातील शिकत्या मुलांची किंवा गावातील शिक्षकांची मदत घ्यावी.

वाहन परराज्यातील असेल, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे. हे प्रमाणपत्र देण्यापूर्वी, त्या वाहनाच्या चोरीची तक्रार नोंदलेली अथवा प्रलंबित नाही असा पोलिसांचा लेखी अहवाल घेणे अधिनियमाच्या कलम ४८ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अनेकांना हे प्रमाणपत्र म्हणजे निष्कारण हेलपाटा वाटतो. वस्तुतः ते खरेदीदाराचे कवच आहे.

खोडलेला क्रमांक

चोरीच्या वाहनाचा क्रमांक कानशीने घासून काढणे, त्या जागी दुसरा ठोकणे, किंवा मोडीत निघालेल्या वाहनाचा क्रमांक असलेला तुकडा कापून जोडणे, असे प्रकार गुन्हेगार करतात. त्यांची चिन्हे उघड्या डोळ्यांनाही दिसू शकतात. अक्षरे वेडीवाकडी वा कमी-अधिक खोल असणे, तेवढ्याच जागी ताजा रंग असणे, भोवती वेल्डिंगची रेघ किंवा घासल्याचे ओरखडे दिसणे, अशी कोणतीही शंका आल्यास व्यवहार तेथेच थांबवावा आणि परिवहन कार्यालयास किंवा पोलीस ठाण्यास कळवावे.

घासून टाकलेला क्रमांक पुष्कळदा पुन्हा वाचता येतो, हे येथे सांगितले पाहिजे. क्रमांक ठोकताना पोलादावर जो दाब पडतो, त्याने पृष्ठभागाखालील धातूची रचनाही बदलते. वरचा थर घासला, तरी खालचा दाबलेला भाग शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी विशिष्ट आम्लमिश्रण लावले, की दाबलेला व न दाबलेला धातू निरनिराळ्या प्रकारे झिजतो आणि नाहीसे झालेले अंक पुन्हा उमटतात.

याउलट, प्रामाणिक मालकाचा क्रमांकही गंजामुळे अस्पष्ट होऊ शकतो. आपल्याकडे पावसाळा मोठा असल्याने ही शक्यता अधिक आहे. अशा वेळी गॅरेजमध्ये क्रमांक घासून घेऊ नये वा परस्पर नव्याने ठोकून घेऊ नये. नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून परवानगीनेच ते काम करावे. वर्षातून एकदा ती जागा पुसून स्वच्छ ठेवल्यास असा प्रसंग सहसा येत नाही.

विकणाऱ्याची जबाबदारी

वाहन विकून पैसे हाती आले, की आपला संबंध संपला, असे पुष्कळांना वाटते. कायदा तसे मानत नाही. कलम ५० नुसार विकणाऱ्याने हस्तांतरणाची सूचना त्याच राज्यातील व्यवहारात चौदा दिवसांत आणि परराज्यातील व्यवहारात पंचेचाळीस दिवसांत द्यावयाची असते. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघात झाल्यास भरपाईचे दायित्वही त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. तेव्हा कोऱ्या अर्जावर सही करून वाहन दलालाच्या स्वाधीन करणे अत्यंत धोक्याचे आहे. हस्तांतरणाच्या अर्जावर चेसिस क्रमांक स्वतः लिहावा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

वाहन मोडीत काढावयाचे असल्यास ते भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत केंद्रातच द्यावे. तेथे चेसिस क्रमांकाचा भाग कापून स्वतंत्र जपून ठेवला जातो आणि नोंदणी रद्द होते. रस्त्याकडेच्या भंगारात गेलेल्या वाहनाचा क्रमांक उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर दिसू लागला, तर पहिली विचारणा जुन्या मालकाकडेच होईल.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षकांना या विषयाचा वर्गात चांगला उपयोग करता येईल. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलीच्या क्रमांकाचा ठसा मुलांकडून घेववावा, पहिल्या तीन अक्षरांवरून कारखाना आणि दहाव्यावरून वर्ष ओळखावयास सांगावे. भाषा, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा तो एकत्रित पाठ होईल. मुले घरी जाऊन वडीलधाऱ्यांना ही माहिती सांगतील, हा त्यातील मोठा लाभ.

ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत या विषयावर पाच मिनिटे द्यावीत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाहनाचा चेसिस क्रमांक एका वहीत लिहून, आरसीच्या प्रतीसह घरी ठेवावा. वाहन चोरीस गेल्यास तक्रार नोंदवताना हा क्रमांक तत्काळ देता येतो. चोर पाटी काही मिनिटांत बदलू शकतो; त्यानंतर शोधाचा आधार उरतो तो धातूवरील क्रमांकाचाच. आपल्या पाटीची नक्कल करून दुसऱ्याने दंड ओढवला, तरी आपले वाहन वेगळे आहे हे दाखविण्यास हाच क्रमांक उपयोगी पडतो.

जुने वाहन विकत घेणे हा सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मोठा खर्च असतो. कित्येकदा त्यामागे वर्षानुवर्षांची बचत किंवा कर्ज असते. सतरा अक्षरे वाचावयास फार तर दहा मिनिटे लागतात. नागरिकांनी ती दहा मिनिटे पैसे देण्यापूर्वी काढावीत.